मद्यमुक्तीचे स्वमदत गट : जवळची सभा कशी शोधावी

दारू सोडण्याचा निश्चय आणि त्या निश्चयाला आधार देणारी माणसे यांच्यात बहुतेकदा मोठे अंतर असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशव्यापी सर्वेक्षण केले होते. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. खर्च आणि बदनामीची भीती ही मागे राहण्याची दोन मोठी कारणे. स्वमदत गटात या दोन्हींना जागा नसते, मात्र हे गट स्वतःची जाहिरात करत नसल्याने ते शोधावे लागतात.

यातील सर्वांत जुना व परिचित गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात 'एए'. शेअर दलालीच्या व्यवसायातील बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात या चळवळीचा उगम झाला. भारतात तिचे कार्य १९५७ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले. आता देशातील अनेक शहरांत तिचे गट असून मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट आहे. प्रवेश शुल्क नाही, नोंदणी नाही, आडनावही विचारले जात नाही. सभेत एक पेटी फिरते आणि सदस्य त्यात ऐच्छिक रक्कम टाकतात. नवागताने काही टाकावे, अशी अपेक्षा नसते.

गटांची शहरवार यादी आणि संपर्काचे दूरध्वनी क्रमांक संघटनेच्या भारतीय संकेतस्थळावर मिळतात. तथापि सभांच्या जागा शाळेचे वर्ग, चर्चची सभागृहे, रुग्णालयातील खोल्या अशा उसन्या असतात आणि त्या बदलतात. म्हणून यादीतील पत्त्यावर थेट न जाता आधी दूरध्वनी करून वार, वेळ आणि सभेची भाषा विचारून घ्यावी. भाषेचा प्रश्न गौण नाही. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला मनातले दुखणे परक्या भाषेत मांडणे जड जाते. मुंबईत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सभा होतात. जेथे आपल्या भाषेतील गट नाही, तेथे ऑनलाइन सभांचा पर्याय आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांचा प्रसार बराच वाढला.

यादीत जवळचा गट न आढळल्यास जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. तेथील समुपदेशकांना परिसरातील गटांची माहिती असण्याची शक्यता मोठी असते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

विचारण्याजोगा आणखी एक मुद्दा म्हणजे सभा खुली आहे की बंद. खुल्या सभेला नातेवाईक वा कोणीही बसू शकतात. बंद सभा मात्र ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यापुरतीच असते. सभा साधारण तास-दीड तास चालते. एकेक सदस्य आपला अनुभव सांगतो, इतर ऐकतात. मध्येच कोणी उपदेश करत नाही, नवीन माणसाला बोलण्याचा आग्रहही होत नाही. स्त्रियांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणे अवघड वाटू शकते. अशा वेळी एखाद्या महिला सदस्याशी आधी बोलणे करून देण्याची विनंती करता येते. पहिली सभा रुचली नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. प्रत्येक गट स्वायत्त असतो आणि त्याचे वातावरणही निराळे असते.

सभा हा वैद्यकीय उपचार नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत घडू शकतात आणि ते प्राणावर बेतू शकतात. अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी, सभा त्याच्या जोडीने सुरू ठेवाव्यात. सभांचा उपयोग किती, याविषयी २०२० मध्ये कोक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार, संपूर्ण मद्यत्याग टिकवण्यात, इतर रूढ उपचारपद्धतींपेक्षा सरस ठरल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतीवरील जाहिरातींचा आणि या गटांचा काहीही संबंध नाही. एए औषध देत नाही आणि विकतही नाही. काही औषधांवर दारू प्यायल्यास शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटते. ती जेवणातून चोरून देणे धोक्याचे आहे.

मद्यपी स्वतः सभेला यायला तयार नसेल, तरी घरच्यांना थांबून राहण्याचे कारण नाही. पत्नी, आईवडील, भावंडे यांच्यासाठी अल-अॅनॉन ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून कार्यरत आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन गट आहेत. घरातील मद्यपी पीत असो वा नसो, त्यांना या सभांना जाता येते. भारतातील अल-अॅनॉन गटांची चौकशीही दूरध्वनीवरून करता येते.