बिल्ल्यावरचं साल खरं मानायचं का?

समजा, एखादा संग्रह चाळताना तुमच्या हाती बिल्ला लागला: ‘वर्ल्डस्किल्स शांघाय 2021’. लगेच ‘2021 साली स्पर्धा झाली’ अशी नोंद कराल? जरा थांबा. व्यवसाय-कौशल्यांची ही जागतिक स्पर्धा कोविडमुळे आधी 2022 वर ढकलली गेली आणि मग शांघायमध्ये रद्दच झाली. त्याऐवजी 2022 मध्ये 15 देशांत विखरून स्पर्धा झाल्या. पदकं तिथं मिळाली.

बिल्ले, शुभंकर स्पर्धेच्या आधीच तयार होतात. ते बेत सांगतात. निकाल कळतो तो पदक कुणाला, कुठं मिळालं यावरून. म्हणून वस्तूवरचं साल टिपताना शेजारी आणखी एक रकाना आखा: ‘प्रत्यक्षात काय घडलं?’ तो रिकामा राहिला, तर न झालेली स्पर्धा तुमच्या प्रबंधात ‘झालेली’ ठरेल. पुढचे लोक तुमचाच हवाला देतील.