तरंगणाऱ्या देवदूताची कुळकथा

उत्तर जर्मनीतील ग्युस्ट्रो या गावी, ‘डोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चर्चमध्ये, ब्रॉंझची एक मानवाकृती छतापासून आडवी टांगलेली आहे. डोळे मिटलेले, ओठ बंद आणि हात छातीशी घडी घातलेले, अशी ही आकृती ‘देर श्वेबेंडे’, म्हणजे ‘तरंगणारा’, या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा कर्ता एर्न्स्ट बारलाख (१८७०–१९३८) हा अभिव्यक्तिवादी शिल्पकार होता. दृश्य रूपाच्या हुबेहूबपणापेक्षा आंतरिक भावाच्या तीव्रतेला महत्त्व देणारी आणि त्यासाठी आकार साधे, ठसठशीत, प्रसंगी प्रमाणाबाहेर करणारी शैली म्हणजे अभिव्यक्तिवाद.

बारलाखच्या शैलीची घडण १९०६ मधील रशियाच्या प्रवासात झाली. तेथील भिकारी आणि शेतकरी यांच्या जाडजूड वस्त्रांत गुंडाळलेल्या देहांत त्याला मानवी दुःखाचे भरीव, एकसंध आकार सापडले, आणि उत्तर जर्मनीतील मध्ययुगीन काष्ठशिल्पांशी त्यांचे नाते जुळले. पहिल्या महायुद्धाकडे आरंभी उत्साहाने पाहणारा हा कलावंत सैन्यातील अल्पकाळच्या अनुभवानंतर युद्धविरोधी झाला. म्हणूनच, डोमच्या सातशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने युद्धात पडलेल्यांचे स्मारक घडवताना त्याने शस्त्र, ध्वज वा विजयाची कोणतीही खूण न घेता १९२७ मध्ये हा मूक देवदूत सिद्ध केला. त्याच्या चेहऱ्यात चित्रकार व शिल्पकार केथे कोलवित्स यांची छटा आहे, आणि ती आपल्या हेतूविना उतरली असे बारलाखनेच सांगितले होते. कोलवित्स यांचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये याच युद्धात मारला गेला होता.

वीरश्रीचा अभाव हाच या शिल्पावरील आक्षेप ठरला. नाझी राजवटीने आधुनिक कलेला ‘अधःपतित’ ठरवून जर्मन संग्रहालयांतून बारलाखच्या शेकडो कृती काढून घेतल्या, आणि ऑगस्ट १९३७ मध्ये देवदूतही डोममधून उतरवण्यात आला. पुढे युद्धसामग्रीसाठी त्याचा धातू वितळवण्यात आला; युद्धातील मृतांसाठी ओतलेले ब्रॉंझ अशा रीतीने पुन्हा युद्धाच्याच कामी आले.

तथापि ओतीव शिल्पाचा वंश एका प्रतीबरोबर संपत नाही. शिल्पकार आधी मातीत आकृती घडवतो, तिच्यावरून प्लास्टरचा नमुना तयार होतो, नमुन्यावरून साचा घेतला जातो आणि साच्यात वितळलेला धातू ओतला जातो. त्यामुळे नमुना शाबूत असेपर्यंत प्रत पुन्हा निघू शकते. बारलाखच्या मित्रांनी त्याच्या नमुन्यावरून गुप्तपणे दुसरी प्रत ओतवून घेतली आणि ती ल्यूनेबुर्गच्या माळरानावरील एका खेड्यात लपवून ठेवली. युद्धानंतर, १९५२ मध्ये, ती कोलोनच्या आंतोनितर चर्चमध्ये टांगण्यात आली. तिच्याखालच्या शिळेवर १९१४–१९१८ बरोबरच १९३९–१९४५ हीही वर्षे कोरलेली आहेत, म्हणजे ज्या राजवटीने पहिली प्रत नष्ट केली, तिने लादलेल्या युद्धाचे स्मारकत्वही दुसऱ्या प्रतीकडे आले.

एव्हाना जर्मनी दुभंगली होती. कोलोन पश्चिमेत, तर ग्युस्ट्रो पूर्वेत होते. तरीही १९५३ मध्ये कोलोनच्या प्रतीवरून साचा घेऊन तिसरी प्रत ओतण्यात आली आणि ती ग्युस्ट्रोला पाठवण्यात आली. धातू थंड होताना आकसत असल्याने ब्रॉंझवरून घेतलेली प्रत तत्त्वतः किंचित लहान भरते. वंशावळीच्या भाषेत बोलायचे, तर एकाच नमुन्यातून निघालेल्या पहिल्या दोन प्रती सख्खी भावंडे होत आणि तिसरी दुसरीचे अपत्य. म्हणून ग्युस्ट्रोच्या डोममध्ये आज जो देवदूत तरंगतो, तो वितळवल्या गेलेल्याचा पुतण्या आहे, आणि काकाची रिकामी झालेली जागा त्याने भरून काढली आहे.