सिबिल रिपोर्टमधली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर रोज १०० रुपये कोण देणार?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हुपरी म्हणजे चांदीनगरी. इथले पैंजण घरोघरच्या छोट्या कारखान्यांत घडतात. स्वतःची चांदी घेऊन काम करणाऱ्याला भांडवल लागतंच आणि चांदीचा भाव वाढला की तेवढ्याच कामाला जास्त लागतं. आता समजा, अशा एका कारागिराने दिवाळीच्या ऑर्डरसाठी कर्ज मागितलं आणि बँकेने ‘सिबिल खराब आहे’ असं सांगून अर्ज नाकारला. रिपोर्ट काढला, तर दोन वर्षांपूर्वी फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून थकीत दिसतंय. ही चूक किती दिवसांत दुरुस्त व्हायला हवी?

नियम काय सांगतो?

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत. यात सुट्ट्याही मोजल्या जातात. क्रेडिट माहिती कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. दुरुस्तीची मुदत आधीपासून होती, पण ती पाळली नाही तर ग्राहकाच्या हाती काही पडत नव्हतं. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ ला परिपत्रक काढून भरपाई ठरवली. २६ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. ३० दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये.

उशीर कोणाचा, हे कसं ठरतं?

सिबिल स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने माहिती दुरुस्त करून पाठवावी लागते. म्हणून मुदतीचे दोन भाग आहेत:

- तक्रार कळल्यापासून २१ दिवसांत बँकेने दुरुस्त माहिती पाठवायची. ती पाठवली नाही, तर भरपाई बँकेने द्यायची.
- बँकेने वेळेत माहिती पाठवूनही ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर भरपाई क्रेडिट माहिती कंपनीने द्यायची.

उदाहरणार्थ, कारागिराने १ जूनला थेट बँकेकडे तक्रार केली. बँकेने २० जूनला माहिती पाठवली, पण रिपोर्ट १६ जुलैला सुधारला. मुदत १ जुलैला संपली होती. म्हणजे १५ दिवस उशीर, १,५०० रुपये, आणि ते देणार क्रेडिट माहिती कंपनी. तक्रार मिटल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी.

तक्रार कुठे करायची?

बोलीभाषेत सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतात, पण भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. चूक एकीकडे असेल तर दुसरीकडेही असू शकते, म्हणून चारही रिपोर्ट तपासा.

तक्रार कंपनीकडे ऑनलाइन करता येते किंवा थेट बँकेकडेही. सोबत ‘नो ड्यूज’ दाखला आणि कर्जखात्याचा उतारा जोडा. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, कारण ३० दिवस तिथूनच मोजले जातात. तोंडी सांगितलेल्याचा पुरावा राहत नाही. तक्रार फेटाळली, तरी कारण कळवणं बंधनकारक आहे.

तरीही दाद मिळाली नाही तर?

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. हेल्पलाइन १४४४८.

कोल्हापूर भागात अनेकांचं कर्ज पतसंस्थेचं असतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यांच्याविरुद्ध लोकपालाकडे दाद मागता येत नाही.

भरपाई कधी मिळत नाही?

‘माझा स्कोअर कमी का’ या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. हप्ता खरंच थकला असेल, तर ती नोंद चूक नसते, त्यामुळे तक्रार करून पुसली जात नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटलाही ती पुसता येत नाही. खरी चूक असेल, तर ती दुरुस्त करून घ्यायला एजंट लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर अर्ज करून चूक सापडली, तर हे ३० दिवस हंगामातच जातात. रोजच्या १०० रुपयांनी हुकलेली ऑर्डर भरून निघत नाही. म्हणून कर्ज हवं असेल, तर रिपोर्ट दोन-तीन महिने आधीच काढून पाहा.