संभाव्यता : प्राथमिक उदाहरणे

संभाव्यता : प्राथमिक उदाहरणे : नाणे, फासे, पत्ते, पिशवीतील रंगीत गोट्या किंवा चिठ्ठ्या यांवर रचलेली, मोजक्या निष्पत्तींची गणिते. महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘संभाव्यता’ हे पाचवे आणि ‘सांख्यिकी’ हे सहावे प्रकरण आहे. पुढे अकरावी-बारावीत आणि पदवीच्या पहिल्या वर्षात हीच उदाहरणे क्रमचय, संचय व सशर्त संभाव्यता यांची जोड घेऊन येतात. प्रस्तुत नोंदीत सूत्रांपेक्षा मांडणीवर भर दिला आहे, कारण चूक बहुतेक वेळा तेथेच होते.

मांडणी : प्रथम यादृच्छिक प्रयोग कोणता ते ठरवायचे, मग नमुना अवकाश लिहायचा, विचारलेल्या घटनेला अनुकूल निष्पत्ती मोजायच्या आणि त्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे. हा भागाकार सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालतो. पाठ्यपुस्तकात ही अट व्याख्येत असते, उदाहरण सोडवताना ती नजरेआड होते.

दोन फासे टाकल्यावर बेरीज ७ येण्याची संभाव्यता काढायची आहे. विद्यार्थी (१, ६), (२, ५), (३, ४) लिहितो आणि थांबतो. (४, ३) ही वेगळी निष्पत्ती का मानायची, हे त्याला पटलेले नसते. फासे सारखेच दिसत असतील तर एकूण जोड्या २१ भरतात, पण त्या समसंभाव्य नाहीत : (३, ३) एकाच प्रकारे पडते, ३ आणि ४ दोन प्रकारे. एक फासा लाल व दुसरा हिरवा रंगवला की ३६ निष्पत्ती आपोआप दिसू लागतात. रंग दिला नाही म्हणून फासे पडायचे काही वेगळे पडत नाहीत. उत्तर ६/३६, म्हणजे १/६.

‘किंवा’ असेल तेथे सामाईक निष्पत्ती दोनदा मोजली जात नाही ना, हे पाहावे. ५२ पत्त्यांतून काढलेला पत्ता राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता १७/५२ नसून १६/५२ आहे, कारण बदामचा राजा दोन्हीकडे येतो. ‘किमान एक’ असेल तेथे पूरक घटना घ्यावी. ‘परत न ठेवता’ हे शब्द वाचताना निसटले तर पुढचे सारे वाया जाते : दोन पत्ते एकापाठोपाठ काढून दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता पहिला पत्ता परत ठेवल्यास १/१६९ व न ठेवल्यास १/२२१ आहे.

इतिहास : तीन फाशांच्या बेरजेचा प्रश्न या वर्गातील जुन्या प्रश्नांपैकी आहे. गॅलिलीओकडे तो जुगाऱ्यांच्या निरीक्षणातून आला. बेरीज ९ सहा प्रकारे होते (६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२, ३-३-३) आणि बेरीज १० सुद्धा सहा प्रकारेच (६-३-१, ६-२-२, ५-४-१, ५-३-२, ४-४-२, ४-३-३). मग १० किंचित अधिक वेळा का पडते? गॅलिलीओने प्रत्येक प्रकार किती तऱ्हांनी पडू शकतो ते मोजले. तिन्ही अंक निराळे असल्यास सहा, दोन सारखे असल्यास तीन, तिन्ही सारखे असल्यास एक. ९ साठी ६+६+३+३+६+१ म्हणजे २५ आणि १० साठी ६+३+६+६+३+३ म्हणजे २७. एकूण २१६ पैकी दोनचाच फरक, आणि तो सर्वस्वी ३-३-३ या एकाकी निष्पत्तीमुळे. हे टिपण १७१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने छापले गेले. जेरोलामो कार्दानो (मृत्यू १५७६) याचे फाशांवरील पुस्तकही असेच मागे राहून १६६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात समसंभाव्य निष्पत्तींची कल्पना आहे आणि चुकलेली गणितेही आहेत.

१६५४ मधील पास्काल-फेर्मा पत्रव्यवहाराला या विषयाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. त्याला निमित्त झालेल्या प्रश्नांपैकी एक शव्हालिए द मेरे (आंत्वान गोंबो) याचा. एक फासा चार वेळा टाकून किमान एकदा सहा पडेल, अशी पैज फायद्याची आहे : चारही वेळा सहा न पडण्याची संभाव्यता (५/६) चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६, म्हणून जिंकण्याची ६७१/१२९६, सुमारे ०.५१८. जुन्या हिशेबाने सहाला चार, तर छत्तीसला चोवीस. म्हणून दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्ही सहा पडण्याची पैजही फायद्याची ठरायला हवी. ती ठरत नाही. येथे संभाव्यता सुमारे ०.४९१ येते, २५ वेळा टाकल्यास ०.५०६. त्रैराशिक येथे लागू नाही, हा या उदाहरणाचा गाभा आहे. द मेरेने पदरचे पैसे घालवून हा फरक शोधला, ही पुस्तकांतून फिरणारी कथा जपून घ्यावी. इतका लहान फरक ओळखायचा तर हजारो डाव मांडून त्यांची काटेकोर नोंद ठेवावी लागेल. पास्कालच्या २९ जुलै १६५४ च्या पत्रावरून तर द मेरेचा आक्षेप अंकगणितातील विसंगतीवर होता असे दिसते.

त्याच पत्रातील दुसरा प्रश्न अर्धवट राहिलेल्या खेळाचा. दोघांनी प्रत्येकी ३२ पिस्तोल (सोन्याची नाणी) लावली आहेत. आधी तीन डाव जिंकेल त्याला सारी रक्कम. पहिल्याचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झालेला असताना खेळ मोडला. लूका पाचोलीने १४९४ मध्ये अशा प्रश्नात जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सुचवली होती. तार्ताल्याला १५५६ मध्ये हा गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा प्रश्न वाटला. पास्कालने पुढचा डाव गृहीत धरला : पहिला जिंकला तर त्याला ६४, हरला तर बरोबरी होऊन ३२. म्हणजे ३२ त्याचे ठरलेलेच, उरलेल्या ३२ चे निम्मे १६; एकूण ४८, दुसऱ्याला १६. फेर्माने संभाव्य उरलेले सर्व डाव मांडून मोजणी केली. जे डाव प्रत्यक्षात खेळलेच जाणार नाहीत ते मोजायचे कशाला, अशी शंका गणितज्ञ रोबेरव्हालने काढली. आजही वर्गात हीच शंका निघते. खेळ लवकर संपला तरी उरलेले डाव खेळल्याचे मानले की निष्पत्ती समसंभाव्य होतात, हे तिचे उत्तर.

हायगेन्झची १६५७ ची पुस्तिका या विषयावरील पहिले छापील पुस्तक मानली जाते. तिच्या शेवटी वाचकासाठी पाच प्रश्न दिले आहेत. याकोप बेर्नुलीने ते १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सोडवून दाखवले. प्रकरणाच्या शेवटी ‘सरावसंच’ देण्याची पद्धत या विषयात इतकी जुनी आहे.

नामवंतांच्या चुका : दोन फाशांची बेरीज ११ व १२ होणे सारखेच शक्य आहे, असे लायप्निट्सने लिहिले (प्रत्यक्षात २/३६ व १/३६). दालांबेरने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातील छापा-काट्यावरील नोंदीत, दोन नाणेफेकींत किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ असावी असे प्रतिपादन केले. पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपतो, म्हणून निष्पत्ती तीनच, हा त्याचा युक्तिवाद. खरे उत्तर ३/४. कोशनोंद छापील आहे म्हणून बिनचूक असते असे नाही.

भारतातील गणना : मोजणीचे तंत्र येथे फार पूर्वीपासून होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) सहा रसांपासून होणाऱ्या मिश्रणांची संख्या ६, १५, २०, १५, ६ व १, एकूण ६३ अशी येते. त्याच ग्रंथाच्या अंकपाश या प्रकरणात दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास शंकराची किती रूपे होतील, याचे उत्तर ३६,२८,८०० दिले आहे. तथापि या उदाहरणांत संभाव्यता नाही. तेथे गणना आहे, तिला एकूण संख्येने भागलेले नाही. महाभारतात ऋतुपर्ण राजा बिभीतकाच्या (बेहड्याच्या) पानांची व फळांची संख्या अंदाजाने सांगतो आणि नलाला अक्षविद्या देतो. या प्रसंगात नमुना पाहणीचे बीज आहे असे काही अभ्यासक मानतात.

मतभेदाची उदाहरणे : ‘दोन अपत्यांपैकी किमान एक मुलगा आहे, दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती?’ हा प्रश्न मार्टिन गार्डनरने १९५९ मध्ये मांडला. उत्तर १/३ दिले जाते. माहिती कशी मिळाली त्यानुसार ते १/२ ही येते आणि गार्डनरनेही पुढे ही संदिग्धता मान्य केली. तीन दारांच्या प्रश्नात (१९७५) एका दारामागे बक्षीस असते; स्पर्धकाने एक दार निवडल्यावर निवेदक दुसरे एक रिकामे दार उघडतो आणि निवड बदलण्याची संधी देतो. दार बदलल्यास २/३ हे उत्तर, निवेदक बक्षीस कोठे आहे ते जाणून नेहमी रिकामेच दार उघडतो, या अटीवर अवलंबून आहे. अशा प्रश्नांत अट न लिहिणारा परीक्षक विद्यार्थ्याइतकाच दोषी समजावा.

सांख्यिकीची उदाहरणे : सांख्यिकीच्या प्रकरणातील मध्य, मध्यक, बहुलक यांतही चूक मांडणीतच होते. वर्गीकृत सामग्रीच्या मध्यकात मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यावी लागते, मध्यक वर्गाची नव्हे.