झाकोपाने
झाकोपाने : पोलंडच्या दक्षिण भागातील गिरिस्थान व हिवाळी क्रीडाकेंद्र. लोकसंख्या सु. २७,००० (२०१७). हे क्राकूच्या दक्षिणेस सु. १०० किमी.वर, टात्रा पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वसले असून स्लोव्हाकियाची सीमा जवळच आहे. शहरातून दिसणारे ग्येवोंत शिखर (१,८९४ मी.) निजलेल्या योद्ध्यासारखे भासते, देशावर संकट येताच तो उठेल, अशी लोकसमजूत आहे. शिखरावर १९०१ मध्ये उभारलेला सु. १५ मी. उंचीचा लोखंडी क्रूस आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये येथे वीज पडून जीवितहानी झाली. दक्षिणेकडून उतरणारा ‘हाल्नी’ हा सोसाट्याचा उबदार वारा वृक्षांची मोठी हानी करतो.

मेंढपाळांची वस्ती व कुझ्नित्से येथील लोखंडाचे कारखाने एवढेच गावाचे जुने स्वरूप होते. १८७३ पासून वॉर्साचे डॉक्टर तीतुस खाऊबिन्स्की यांनी येथील हवेची ख्याती पसरवली आणि क्षयरोग्यांचा ओघ सुरू झाला. पोलंड त्या वेळी तीन साम्राज्यांत विभागलेला होता. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील या भागात पोलिश भाषेला त्यातल्या त्यात मोकळीक असल्याने लेखक-कलावंतही येथे जमू लागले. काउंट व्वादिस्वाव झामोय्स्की यांनी १८८९ मध्ये लिलावात येथील जमीनजुमला घेतला व पुढे तो राष्ट्राला अर्पण केला. रेल्वे १८९९ मध्ये आली. १९१८ च्या अखेरीस कादंबरीकार स्तेफान झेरोम्स्की यांच्या अध्यक्षतेखाली ‘झाकोपाने प्रजासत्ताक’ काही आठवडे नांदले.

शहराचे खरे वैभव त्याच्या लाकडी घरांत आहे. हवापालटासाठी येणारे धनिक स्विस आणि टिरोली धर्तीचे बंगले बांधू लागले, तेव्हा चित्रकार व समीक्षक स्तानिस्वाव वित्क्येविच यांनी त्याला विरोध केला. स्थानिक ‘गुराले’ डोंगरकऱ्यांच्या झोपड्यांतच राष्ट्रीय वास्तुशैलीचे बीज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दगडी जोते, आडव्या रचलेल्या ओंडक्यांच्या भिंती, उभ्या उताराची छपरे आणि कोरीव तुळया ही त्यांच्या ‘झाकोपाने शैली’ची लक्षणे होत, खुर्च्या व कपाटेही त्याच वळणाची घडवली जात. ‘कोलिबा’ (१८९२–९३) हे या शैलीतील पहिले घर असून आता तेथे संग्रहालय आहे. ‘पोद् येद्लामी’ (१८९७) अधिक भव्य व सरस आहे. झोपडीचा बंगला झाला खरा, पण तो परवडला धनिकांनाच.

एका दिवसाच्या फेरफटक्यास कोश्चेलिस्का रस्ता सर्वांत योग्य. कोलिबापासून थोड्याच अंतरावर १८४७ चे लाकडी चर्च व त्यालगत पेंक्सोव्ही ब्झीझेक ही दफनभूमी आहे. कोरीव लाकडी स्मृतिस्तंभांमुळे ती कलादालनच वाटते. खाऊबिन्स्की, त्यांचा वाटाड्या व कथेकरी साबावा आणि वित्क्येविच यांची थडगी येथे आहेत. वित्क्येविच यांचे पुत्र, नाटककार वित्कात्सी, यांचे अवशेष म्हणून १९८८ मध्ये येथे पुरलेले अवशेष एका तरुण स्त्रीचे असल्याचे १९९४ च्या तपासणीत आढळले. संगीतकार कारोल शिमानोव्स्की यांचे ‘आत्मा’ हे निवासस्थानही संग्रहालय झाले आहे. क्रुपुव्की या पादचारी बाजाररस्त्यावर दुकाने आणि गर्दी यांपलीकडे पाहण्यासारखे थोडे. त्याच्या उत्तर टोकापलीकडून गुबाऊव्का टेकडीवर लोहरज्जूची गाडी (१९३८) जाते; वरून टात्राची सबंध रांग दिसते. कास्प्रोव्ही व्येर्खचा (१,९८७ मी.) रोपवे १९३६ चा आहे.

नॉर्डिक स्कीइंगच्या जागतिक स्पर्धा येथे १९२९, १९३९ व १९६२ मध्ये झाल्या. टात्रा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५४ मध्ये झाली.

पर्यटन हा प्रमुख व्यवसाय. मेंढीच्या दुधाच्या ‘ओस्त्सिपेक’ या धुरावलेल्या चीजला २००८ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.