टॉलपडलचे सहा मजूर व त्यांचा देव

‘देवावर भरवसा ठेव,’ असे गरिबाला सांगणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक, त्याच्या शेजारी राहून त्याच्याइतकेच उपास काढणारी. आणि दुसरी, त्याची मजुरी कापून वर हा उपदेश करणारी. शब्द दोघांचे तेच, परंतु अर्थ अगदी निराळा. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे. या दोन अर्थांचा घोळ आमच्यापुढे वारंवार येतो. आमच्यातले काही सोबती म्हणतात, देवधर्म कामगाराला लाचार करतो. तेव्हा आधी त्याच्या हातातली पोथी सोडवा, मग युनियनची पावती द्या. उलट काही भाविक मंडळी म्हणतात, युनियनच्या नादी लागलेला माणूस देवाला पारखा होतो. आज ज्यांची हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे ते सहा इंग्रज शेतमजूर युनियन काढल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेले, आणि त्यांचा पुढारी गावोगाव ख्रिस्ताची शिकवण सांगत फिरणारा उपदेशक होता. वरच्या दोन्ही पक्षांनी त्यांच्याकडे जरा निवांतपणे पाहावे, असे आम्हांला वाटते.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तेथील डॉर्चेस्टर या मुख्य गावापासून सुमारे सात मैलांवर टॉलपडल हे खेडे. जमीन थोड्या मालकांची, आणि राबणारे हात मजुरांचे. १८३० च्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांचा उठाव झाला होता. मजुरांनी मळणीची यंत्रे फोडली, गंजी पेटविल्या. सरकारने १९ जणांना फाशी दिले व सुमारे पाचशे जणांना काळ्या पाण्यावर धाडले. ही दहशत ताजी असतानाच टॉलपडलचे मजूर मालकांकडे मजुरीचे बोलणे करावयास गेले. त्यांचे म्हणणे एवढेच की, आसपासच्या गावांत जी मजुरी मिळते ती आम्हांलाही द्या. त्या बैठकीला गावचे धर्मगुरू हजर होते. त्यांनी देवाला स्मरून शब्द दिला की, तुम्ही मुकाट्याने कामावर जा. मालक बोलले त्याला मी साक्षी आहे. पुढे मालक फिरले. इतरत्र दहा शिलिंग मिळत असता टॉलपडलला आठवड्याचे नऊ राहिले, नऊचे आठ झाले, आठाचे सात, आणि आता सहाच देऊ अशी भाषा सुरू झाली. मजुरांनी धर्मगुरूंना त्यांच्या शब्दाची आठवण दिली. त्यांनी कानांवर हात ठेवले. ही सर्व हकीकत मजुरांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस याने १८३७ साली छापलेल्या आपल्या पुस्तिकेत नोंदवून ठेवली आहे.

हा लव्हलेस कोण होता? नांगर धरणारा एक शेतमजूर. वय सदतीस, बायको आणि मुले पदरात. स्वतःच्या हिमतीने तो लिहावाचावयास शिकला, आणि तुटपुंज्या मजुरीतून पैसा वाचवून त्याने धर्मविषयक पुस्तकांचा लहानसा संग्रह केला. तो मेथॉडिस्ट पंथाचा उपदेशक होता. उपदेशक म्हटल्यावर आपल्यापुढे पगारी, झगा घातलेला पाद्री उभा राहतो. तसे हे नव्हे. सहा दिवस दुसऱ्याच्या शेतात राबावे, आणि सातव्या दिवशी मैलच्या मैल पायी जाऊन एखाद्या खेड्यातल्या प्रार्थनेत चार शब्द बोलावेत, हे त्याचे काम. आणि त्याबद्दल मोबदला काही नाही. टॉलपडलला १८१८ साली बांधलेले मेथॉडिस्टांचे एक छोटेसे प्रार्थनामंदिर होते. मातीच्या भिंतींचे, साधे. जमीनदार आणि धर्मगुरू ज्या दगडी देवळात जात, ते निराळे.

मेथॉडिस्ट पंथाची बांधणी कशी होती हे कळल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१). देवळांचे दरवाजे त्याला बंद होऊ लागले तेव्हा तो उघड्या माळावर बोलू लागला. १७३९ साली ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील खाणमजुरांपुढे त्याने अशी प्रवचने केली. १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडावयाचे होते. त्यासाठी एक युक्ती निघाली. बारा-बारा सभासदांचे गट करावे, दर माणशी आठवड्याला एक पेनी घ्यावी, आणि गटाच्या म्होरक्याने घरोघर जाऊन ती जमा करावी. जो अगदीच नडलेला असेल त्याची पेनी म्होरक्याने पदरची भरावी. पेनी मागावयास घरी जायचे म्हणजे ओघानेच विचारपूस आली. घरात आजारी कोण आहे, दारूच्या नादी कोण लागला आहे, काम कोणाचे सुटले आहे, हे म्होरक्याला समजू लागले. मग हे गट आठवड्याला एकत्र बसू लागले. आपल्याकडे भजनी मंडळात जसा टाळकरी आणि विणेकरी एकमेकांच्या घरचे सुखदुःख जाणतो, तसेच हे होते. फक्त येथे प्रत्येकाने उठून स्वतःच्या तोंडाने बोलावे लागे.

ज्याने कारखान्याच्या दाराशी पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन वर्गणी गोळा केली आहे, त्याला यात ओळखीचे काय आहे ते सांगावयास नको. आठवड्याची पेनी, गटाचा म्होरक्या, हिशेबाची वही, नेमाची बैठक, हजेरी, आणि उभे राहून बोलण्याची सवय. इंग्लंडमधील पुष्कळ आरंभीच्या युनियनांनी हा सगळा सरंजाम प्रार्थनामंदिरातून उचलला. धन्यासमोर ज्याची मान वर होत नसे असा मजूर रविवारी पन्नास माणसांपुढे उभा राहून देवाशी मोठ्याने बोले. एकदा देवाशी बोलण्याचा सराव झाला की धन्याशी बोलताना जीभ तितकीशी अडखळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वेस्ली स्वतः राजनिष्ठ होता, आणि त्याच्या मागून पंथाची सूत्रे ज्यांच्या हाती आली त्या वरिष्ठांना मजुरांची चळवळ मुळीच रुचत नव्हती. तेव्हा युनियन काढा, असा आदेश वरून आला होता असे कोणी समजू नये. वरून आदेश आला तो शांत राहण्याचा. खालच्या माणसांनी त्याच पुस्तकातून आणि त्याच प्रार्थनेतून आपल्यापुरता निराळा अर्थ काढला, एवढेच.

१८३३ च्या अखेरीस लंडनहून एका कामगार संघटनेचे दोन प्रतिनिधी टॉलपडलला आले, आणि शेतमजुरांची परस्पर साहाय्यक सोसायटी स्थापन झाली. प्रवेशाचा एक शिलिंग, आणि आठवड्याची वर्गणी एक पेनी. बैठकीत अचकटविचकट बोलावयाचे नाही; आणि मारपीट वा जाळपोळ करून आपला हेतू कधीही साधणार नाही, असे नियमांतच नमूद केलेले. नवा सभासद घेण्याचा एक विधी असे. थॉमस स्टँडफील्ड याच्या घरी माणसाच्या डोळ्यांना पट्टी बांधीत. पट्टी सोडली की समोर हाडांच्या सापळ्याचे चित्र दिसे. मग बायबलसारख्या दिसणाऱ्या पुस्तकाचे चुंबन घेऊन त्याने शपथ घ्यावयाची, की येथील गोष्ट बाहेर फोडणार नाही. हा प्रकार आज आपल्याला काहीसा बाळबोध वाटेल. पण नाव फुटले की काम गेले, आणि काम गेले की चूल विझली, अशी जेथे स्थिती तेथे शपथेवाचून दुसरे कुलूप नव्हते.

युनियन काढणे हा त्या वेळी गुन्हा राहिला नव्हता. संघटनाबंदीचे कायदे १८२४ साली रद्द झाले होते. म्हणून स्थानिक मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न याच्याशी पत्रव्यवहार केला, आणि जुन्या कायद्यांतून एक हत्यार शोधून काढण्यात आले. नौदलातील बंडानंतर १७९७ साली बेकायदा शपथांविरुद्ध जो कायदा झाला होता, तो या शेतमजुरांना लावावयाचे ठरले. फेब्रुवारी १८३४ मध्ये इशाऱ्याचे फलक लागले, आणि दोनतीन दिवसांतच, २४ फेब्रुवारीच्या पहाटे, सहा जणांना पकडण्यात आले: जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, त्यांचा मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, थॉमसचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. यांपैकी लव्हलेस बंधू व थॉमस हे तिघे उपदेशक होते. पोलिसाबरोबर सात मैल चालत ते डॉर्चेस्टरच्या तुरुंगात गेले.

तुरुंगात एक धर्मोपदेशक त्यांच्या भेटीस आला. त्याने त्यांना असंतुष्ट आणि आळशी ठरविले, आणि मजुरांची स्थिती मालकांपेक्षा बरीच आहे असे ऐकविले. मजुरांसाठी यापरते आणखी काय करता येईल, असे त्याने विचारले तेव्हा लव्हलेसने शांतपणे सुचविले की, आपल्यासारख्या धर्मगुरूंनी थोड्या कमी पगारावर भागविले तर एक मार्ग निघू शकेल. हे उत्तर वाचताना आम्हांला हसू येते; पण हा माणूस तेव्हा कैदेत होता आणि पुढ्यात खटला होता, हेही विसरता येत नाही.

मार्चमध्ये न्यायमूर्ती विल्यम्स यांच्यापुढे खटला चालला. लव्हलेसने लेखी कैफियत दिली. आम्ही कोणाच्या अब्रूला, अंगाला किंवा मालमत्तेला धक्का लावलेला नाही. आपल्या बायकामुलांना उपासमारीतून वाचवावे म्हणून एकत्र आलो, हा तिचा आशय. १९ मार्च १८३४ रोजी सहाही जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पाच जणांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला नेले. लव्हलेस आजारी पडल्यामुळे मागे राहिला. त्याला नंतर टास्मानियाला नेण्यात आले. समुद्रापार जाण्यापूर्वी पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने तिलाच धीर दिला, आणि आपला भार वाऱ्यालाटांच्या धन्यावर सोपविला.

आता प्रश्न असा की, हा भरवसा म्हणजे काय होता? सर्व काही ठीक होईल अशी त्याची खात्री होती काय? तसे दिसत नाही. मागे बायकामुलांवर उपासमारीची पाळी होती, कारण गावाच्या गरीबनिधीतून मिळणारी मदतही अधिकाऱ्यांनी त्यांना नाकारली होती. लव्हलेसला हे ठाऊक होते. त्याची खात्री एवढीच होती की, आपण केले ते अयोग्य नव्हते, आणि याचा अखेरचा निवाडा डॉर्चेस्टरच्या कोर्टात होत नाही. या एका खात्रीमुळे न्यायासनापुढे, बेड्यांत आणि बोटीवर तो ताठ राहू शकला. न्यायमूर्ती, मॅजिस्ट्रेट, शब्द फिरविणारे धर्मगुरू आणि तुरुंगातला उपदेशक, हे सारे तेच बायबल मानणारे होते. पुस्तक एकच, ते कोण कोठे उभा राहून वाचतो, यावर त्याचा अर्थ ठरला.

परंतु त्यांची सुटका केवळ प्रार्थनेने झाली असे सांगितले तर तो इतिहास होणार नाही. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स या मैदानावर हजारो कामगार जमले. तेथून निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी घोड्यावर बसून, धर्मगुरूचा पूर्ण पोशाख अंगावर घालून, डॉ. आर्थर वेड हा पाद्री चालला होता. पाद्री तितके सारे एका माळेचे मणी नव्हते, हे त्यावरून दिसते. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज बरोबर होता. एवढ्या जमावाने आणलेला अर्ज स्वीकारण्यास मेलबर्नने नकार दिला. तरी चळवळ थांबली नाही. लंडनच्या समितीने वर्गणी जमवून त्या सहा कुटुंबांना पोसले. थॉमस वॅक्ली याने पार्लमेंटात हा प्रश्न लावून धरला. अखेरीस लॉर्ड जॉन रसेल गृहमंत्री असताना, मार्च १८३६ मध्ये, संपूर्ण माफी जाहीर झाली. लव्हलेस जून १८३७ मध्ये परतला, चौघे १८३८ मध्ये, आणि हॅमेट १८३९ मध्ये. लव्हलेसला विचारले असते तर त्याने याचे श्रेय देवाला दिले असते. आम्ही ते सही करणाऱ्या दोन लाख हातांना देतो. या दोन उत्तरांत भांडण आहेच असे आम्हांला वाटत नाही. कारण हातावर हात ठेवून बसलेल्यांचे त्या अर्जावर नाव नाही.

पुढे पाच जण सहकुटुंब कॅनडात गेले आणि शेती करू लागले. लव्हलेस १८७४ साली तेथेच वारला. हॅमेट मात्र टॉलपडलला राहिला. १८७२ साली जोसेफ आर्च याने वॉरविकशरमधील वेल्सबोर्न येथे झाडाखाली सभा घेऊन शेतमजुरांची नवी चळवळ उभी केली, आणि त्याच वर्षी त्यांची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली. आर्च हाही मेथॉडिस्ट उपदेशकच. म्हणजे लव्हलेसला शिक्षा देऊन ज्या बीजाचा नायनाट करावयाचा होता, ते अडतीस वर्षांनी त्याच मातीत पुन्हा उगवले. त्या नव्या युनियनने १८७५ साली हॅमेटचा सत्कार केला.

पण हॅमेटचा शेवट सुखाचा झाला नाही. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, आणि मुलाबाळांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या अनाथगृहात राहावयास गेला. तेथेच १८९१ साली त्याने देह ठेवला. श्रद्धाळू माणसाला देव शेवटी सुखात ठेवतोच, असे सांगणाऱ्यांनी हॅमेटचे नाव वगळू नये. त्याचप्रमाणे, श्रद्धा म्हणजे गुलामगिरी असे सांगणाऱ्यांनी लव्हलेसचे नाव वगळू नये.

१९३४ साली, शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने टॉलपडलला सहा घरे बांधली. म्हाताऱ्या शेतमजुरांनी अनाथगृहात न जाता तेथे राहावे, हा हेतू. प्रत्येक घराला सहांपैकी एकाचे नाव दिले. आठवड्याच्या एका पेनीपासून जे सुरू झाले, त्यातून हॅमेटसारख्या म्हाताऱ्यांना छप्पर मिळाले. हॅमेटला स्वतःला मात्र ते मिळाले नव्हते.