गणपतीपुळे आणि लोटे : सार्वजनिक महामंडळे व पर्यावरणीय सुविधांचा निधी

गणपतीपुळे येथे देवालयामागील डोंगरच देवस्वरूप मानला जातो व भाविक त्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. या तीर्थक्षेत्राचे पर्यटनस्थळ होण्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा वाटा मोठा आहे. २० जानेवारी १९७५ रोजी स्थापन झालेले हे महामंडळ राज्य शासनाच्या मालकीचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती १९५६च्या कंपनी अधिनियमाखालील कंपनी होय. समुद्रकिनारी पर्यटक निवास उभारणे हे तिच्या स्वरूपाशी सुसंगत होते, कारण खोलीला भाडे मिळते. गावाच्या मैलापाण्याला भाडे मिळत नाही.

याच रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, लोटे-परशुराम येथे, वेगळ्या घडणीचे महामंडळ कार्यरत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र अधिनियमान्वये अस्तित्वात आले. संपादित जमीन, भूखंडांचे वाटप, पाणीपट्टी व सेवाशुल्क ही साधने त्याच्या हाती होती. केंद्राने १९९१मध्ये सामूहिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांसाठी योजना आखली. तीत केंद्र व राज्य यांचे अनुदान प्रत्येकी २५ टक्के, उद्योजकांचा हिस्सा २० टक्के व उरलेले ३० टक्के कर्ज अशी विभागणी होती. लोट्याला उद्योजकांच्या सहकारी संस्थेने असा सामूहिक प्रकल्प चालविला. अर्थात प्रकल्प असणे म्हणजे खाडी स्वच्छ असणे नव्हे. दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. तथापि तेथे दाद कोणाकडे मागावी, हे तरी ठाऊक होते.

किनाऱ्याच्या वाट्याला त्याच वर्षी, त्याच मंत्रालयाकडून, निधीऐवजी अट आली. १९ फेब्रुवारी १९९१ची किनारा नियमन अधिसूचना किनाऱ्यावरील विश्रामस्थळांना सांडपाणी व घनकचरा यांवर प्रक्रिया करण्याचे बंधन घालत होती. हे बंधन एकेका विश्रामस्थळापुरते होते. घरगुती खानावळी, छोटी निवासस्थाने व दिवसभराची यात्रा यांचे एकत्रित सांडपाणी कोणी वाहून न्यावे, याचे उत्तर तीत नव्हते. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्णत्वास गेल्यावर मुंबईहून रत्नागिरीला येणे सुलभ झाले आणि हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भूमीत शोषखड्डे आणि विहिरी शेजारी-शेजारी असणे किती धोक्याचे, हे कोकणवासीयांना वेगळे सांगावयास नको.

कायद्याने ही जबाबदारी शेवटी ग्रामपंचायतीवरच येते. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत गावची स्वच्छता व गटारे समाविष्ट आहेत. यात्राकर बसविण्याचा अधिकारही त्यात आहे. परंतु यात्रा अंगारकीला व माघी उत्सवाला उसळते, पावसाळ्यात ओसरते. प्रक्रिया केंद्राची क्षमता मात्र उसळत्या गर्दीच्या मापाने बांधावी लागते आणि ते रिकाम्या दिवसांतही चालवावे लागते.